कोणत्या गाडीला कोणतं पेट्रोल: खानापूरच्या गॅरेजमधली वही

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार

काल सुप्रीम कोर्टाने ई२० विरुद्धची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल (ऊस किंवा धान्यापासून काढलेलं अल्कोहोल) मिसळलेल्या पेट्रोलविरुद्धची याचिका फेटाळली. मागणी मोठी नव्हती. पंपावर इथेनॉल नसलेलं पेट्रोलही मिळावं, म्हणजे ज्याला जे हवं ते तो घेईल, एवढंच. आज शटर वर केलं तर बाहेर दोघे आधीच उभे. एक जांबोटीकडचे, एक लोंढ्याचे. दोघांचा प्रश्न एकच: "आता आमच्या जुन्या गाडीचं काय करायचं?"

गणपतीला मुंबई, पुणे, गोव्याहून गाड्या आल्यात. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातले निम्मे तरुण बाहेर, त्यामुळे या दिवसांत गॅरेजला उसंत नसते, आणि यंदा प्रत्येकाच्या तोंडी पेट्रोल. कुणाचं अ‍ॅव्हरेज पडलं, कुणाचा पिकअप गेला, कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर इंजिन गंजल्याचा व्हिडिओ आला.

ठरवलं की एक फलक करायचा. गाडीचं साल बघितलं की काय भरायचं आणि काय बदलायचं ते कळलं पाहिजे. मराठीत आणि कानडीत, भिंतीवर, काउंटरच्या वर. ऐकीव माहिती त्यावर जाणार नाही. गॅरेजमध्ये जे तपासता येतं ते तपासायचं. बाकीचं सरकारी कागद आणि कंपनीच्या मॅन्युअलमधून. रविवार या कामाला.

४ सप्टेंबर, गुरुवार

आधी पंपावर खरोखर काय मिळतं ते लिहून काढलं, कारण निम्मा गोंधळ आकड्यांचाच आहे.

साधं पेट्रोल म्हणजे आता ई२०. त्यातला २० हा टक्का: शंभरात वीस भाग इथेनॉल. त्याच्या शेजारी महाग नोझल असतो, त्यावर ९५, ९७, ९९, १०० असं काहीतरी लिहिलेलं. तो टक्का नाही, ऑक्टेन. इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटून ठोके पडू नयेत म्हणून ते किती दाब सहन करतं, त्याचा तो नंबर. इथेनॉलचा त्याच्याशी संबंध उलटाच आहे. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या आसपास, म्हणजे ते मिसळलं की ऑक्टेन वाढतं. ९५ बघून "यात इथेनॉल कमी असणार" असं समजून आठ-दहा रुपये जास्त मोजणारे आमच्याकडे रोज येतात.

इथेनॉल नसलेलं म्हणून जे नाव घेता येतं ते इंडियन ऑइलचं एक्सपी १००. डिसेंबर २०२० मध्ये आलं, पहिल्या शहरांच्या यादीत पुणं होतं. भाव लिटरला दीडशेच्या वर. भारी इंजिनाच्या मोटारसायकली आणि परदेशी गाड्यांसाठी काढलेलं पेट्रोल ते, वॅगनआरसाठी नव्हे.

सीमेवरचा आमचा जुना उपाय म्हणजे राज्य बदलणं. शिनोळीत भरू, कागलला भरू, गोव्याहून येताना टाकी फुल्ल करू. गोव्यात लिटरमागे चार पैसे सुटतात, ते खरं. पण तो फरक राज्याच्या कराचा आहे. इथेनॉल डेपोत मिसळलं जातं आणि ई२० सगळ्या देशात आहे. चोर्ला घाट उतरून भरलं म्हणून टक्का कमी होत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं, आज गॅरेज मोकळं. पाण्याची चाचणी केली.

हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून १०० मिलीचं मोजपात्र आणलं, काचेचं, बुचाचं. गुरुजींनी दोन अटी घातल्या: परत धुऊन द्यायचं, आणि उघड्यावर करायचं. मागच्या पत्र्याच्या शेडबाहेर टेबल मांडलं, जवळपास वेल्डिंग बंद, मोबाइल आत. नमुने गाड्यांच्या फ्युएल लाइनमधूनच काढले. पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल मागायचं नाही, देणारही नाहीत.

आधी २० मिली पाणी, वर ८० मिली पेट्रोल, बरोबर १०० च्या रेघेपर्यंत. बूच लावून उलटसुलट करायचं, मधेमधे बूच सैल करून वाफ सोडायची, मग ठेवून द्यायचं. पहिलं मिनिटभर सगळं दुधासारखं गढूळ. मग वरून पेट्रोल निवळायला लागतं, खाली पाण्याचा थर स्वच्छ होतो, आणि मध्ये एक बारीक धुरकट रेघ राहते. ती रेघ सुरुवातीला २० वर होती. साध्या पेट्रोलच्या नमुन्यात ती ३५ च्या किंचित खाली येऊन थांबली.

८० मिलीत वीस टक्के म्हणजे १६ मिली इथेनॉल. ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरलं. २० आणि १६ मिळून ३६ व्हायला हवेत, पण पाणी आणि अल्कोहोल मिसळलं की एकूण माप थोडं आकसतं, म्हणून ३५ च्या आत. हिशोब जुळतो. ९५ लिहिलेल्या नोझलवरून भरलेल्या गाडीचा नमुनाही तिथेच थांबला. दहा रुपये जास्त, इथेनॉल तेवढंच.

पुण्याहून आलेल्या एका मोटारसायकलवाल्याने तिकडेच एक्सपी १०० भरलं होतं. त्याच्या टाकीतून थोडं काढून घेतलं. रेघ २० वर थांबली नाही, २१-२२ च्या मध्ये आली. टाकीत आधीचं ई२० थोडं शिल्लक असणार.

हे पाहायला आलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "म्हणजे पंपवाला पाणीच घालतोय की!" व्हिडिओतही हेच दाखवतात: पाणी ओतलं, पाणी वाढलं, म्हणजे पेट्रोलमध्ये पाणी होतं. तसं नाही. वाढलेला थर इथेनॉलचा आहे. पेट्रोलमध्ये खरंच पाणी असेल तर बाहेरून थेंबही न घालता बाटलीच्या तळाशी वेगळा थर दिसतो. ती चाचणी वेगळी, ही वेगळी. शंका असेल तर पंपावरच फिल्टर पेपर मागायचा, डेन्सिटी तपासायला सांगायची, माप कमी वाटलं तर पाच लिटरच्या मापात ओतून बघायला सांगायचं. हा ग्राहकाचा हक्क आहे आणि त्याचे पैसे लागत नाहीत.

चाचणीनंतर वरचं पेट्रोल गाडीत ओतायचं नाही. इथेनॉल गेल्यामुळे त्याचं ऑक्टेन पडलेलं असतं आणि त्यात पाण्याचा अंश राहतो. आम्ही ते पार्ट धुवायच्या ट्रेसाठी ठेवलं. थोडं एका बरणीत बाजूला काढलं, त्याचं पुढे काम आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

अ‍ॅव्हरेजचा हिशोब. लोंढ्याचे काका म्हणतात १८ द्यायची ती गाडी आता १२ देते.

लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा, लिटरभर इथेनॉलमध्ये २१. तिसरा हिस्सा कमी. पाचात एक भाग इथेनॉल घातलं तर एकूण ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा साडेसहा-सात टक्क्यांनी कमी होते. पण शुद्ध पेट्रोल आपण कैक वर्षांत भरलेलंच नाही. २०२२ च्या जूनमध्येच देशात सरासरी दहा टक्के झालं होतं. दहावरून वीसवर जाताना ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. म्हणजे १८ ची गाडी साडेसतराच्या खालीवर यायला हवी.

नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातले आकडेही याच रांगेत बसतात. शुद्ध पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या मोटारीचं अ‍ॅव्हरेज ई२० वर ६ ते ७ टक्के घटेल, तशाच दुचाकीचं ३ ते ४ टक्के, आणि ई१० साठी बांधून ई२० ला जुळवलेल्या मोटारीचं १ ते २ टक्के.

१८ ची १२ झाली तर ती तेहेतीस टक्के घट आहे. टाकीत नुसतं इथेनॉल भरलं असतं तर एवढी घट झाली असती. काकांना म्हटलं, गाडी घेऊन या, पेट्रोलला शिव्या नंतर घालू.

१४ सप्टेंबर, रविवार

बरण्या मांडल्या. या सगळ्यात मला खरा रस इथे आहे.

भांडण अ‍ॅव्हरेजवरून होतं, पण गाडी रस्त्यात बंद पडते ती रबरामुळे. इथेनॉल काही जातींचं रबर फुगवतं, कॉर्कचं गॅसकेट मऊ करतं, जस्त आणि शिशाचा मुलामा असलेल्या पत्र्याला त्रास देतं. नीती आयोगाच्या अहवालात वाहन कंपन्यांचं म्हणणं दिलंय की २००८ पासूनच्या पेट्रोल गाड्यांचे रबर-प्लास्टिकचे भाग ई१० ला चालतात. ई२० ला चालणारे भाग सक्तीने आले ते एप्रिल २०२३ पासून. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या या दोन तारखांच्या मधल्या.

दोन काचेच्या बरण्या. एकीत पंपावरचं ई२०. दुसरीत गेल्या रविवारचं धुतलेलं पेट्रोल, ज्यातलं इथेनॉल पाण्याने काढून टाकलं. म्हणजे फरक दिसला तर तो इथेनॉलचाच. दोन्हींत तेच तुकडे: बेळगावातून मीटरवर मिळणारा साधा काळा पेट्रोल पाइप, इंजेक्शनच्या गाडीसाठीचा जाड होज ज्यावर ३० आर ९ छापलेलं असतं, कार्बोरेटरच्या (जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) वाटीचं गॅसकेट, काळी ओ-रिंग (जोड गळू नये म्हणून बसवलेलं रबरी कडं), आणि वाटी भरली की पेट्रोल थांबवणाऱ्या फ्लोटच्या सुईचं रबरी टोक. प्रत्येक तुकडा व्हर्नियरने (बारीक मापाची पट्टी) मोजला, आकडे बरणीच्या लेबलवर.

बरण्या मागच्या शेडमध्ये, उन्हापासून लांब, झाकणं घट्ट. पोरग्याला बजावलंय की तिथे बिडीसुद्धा नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

स्कॅनर लावून आमच्याच वॅगनआरची चाचणी. २०१४ ची गाडी, झाकणावर ई२० चा स्टिकर नाही.

ही गोष्ट ग्राहकाला समजावणं अवघड जातं, म्हणून इथे नीट लिहितो. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला ९ भागच पुरते. ई२० ला साडेतेराच्या आसपास. जुन्या मापाने पेट्रोल सोडलं तर हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणजे आमच्या भाषेत गाडी लीन चालते. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. तो उरलेली हवा हुंगतो, कॉम्प्युटरला कळवतो, कॉम्प्युटर इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. ही दुरुस्ती स्कॅनरवर टक्क्यांत दिसते, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात.

आमच्या गाडीत ती बेळगाव रस्त्यावर ६ च्या आसपास राहिली. जुन्या गाडीला थोडं इकडेतिकडे असतंच. ट्रिम वीस-पंचवीसच्या पुढे गेली तर इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी ०१७१, म्हणजे गाडी लीन, हा कोड येतो. ६ म्हणजे भरपूर जागा शिल्लक. गाडीचा मेंदू ई२० सांभाळून घेतोय, चालवणाऱ्याला कळतही नाही. पिकअप गेला म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा एअर फिल्टर काढून दाखवला की विषय संपतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

लोंढ्याच्या काकांची गाडी आली. ट्रिम १९. इथेनॉलने एवढी जात नाही. बॉनेट उघडून इनटेकच्या पाइपवर साबणाचं पाणी मारलं, क्लॅम्पच्या खाली रबर चिरलेलं. तिथून फुकटची हवा आत. शिवाय मागचं एक चाक ब्रेकला घासत होतं. दोन्ही कामं झाली, ट्रिम ७ वर.

काका: "मग पेट्रोल चांगलंय म्हणायचं काय?"

म्हटलं, पेट्रोलने तुमच्या अ‍ॅव्हरेजमधला अर्धा-पाऊण किलोमीटर खाल्ला असेल, बाकीचं पाइपने आणि ब्रेकने.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. हत्यारांची पूजा, काम बंद. पूजेला आलेल्या एकाने विचारलं, ई२० भरलं तर विमा मिळत नाही हे खरं का. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्टमध्येच खुलासा केलाय की ई२० मुळे विमा रद्द होत नाही. फलकावर एक ओळ याची.

५ ऑक्टोबर, रविवार

बरण्या उघडल्या.

ई२० च्या बरणीतलं पेट्रोल चहाच्या पाण्यासारखं तपकिरी झालंय. दुसरी बरणी फिकट पिवळी. रंग आला कुठून ते लगेच दिसलं: साधा काळा पाइप. चिमट्याने धरून पांढऱ्या कापडावर ठेवला तर काळा डाग उठला. बाहेरचा व्यास फुगलाय, आतलं भोक अरुंद. दाबला तर बोट रुततं.

ओ-रिंग ३ मिलिमीटरची, आता व्हर्नियरवर ३.३. धुतलेल्या पेट्रोलमधलीही थोडी फुगली, पण तिला ३.१ म्हणावं लागेल. सुईच्या टोकाला फुगून कडा आलीय. असं टोक कार्बोरेटरमध्ये नीट बसत नाही, मग वाटी भरून वाहते आणि गाडी उभ्या उभ्या गळते. पावसाळ्यात अशा तीन-चार स्प्लेंडर येऊन गेल्या, तेव्हा टोक झिजलं समजून बदलत होतो.

३० आर ९ च्या होजला काही झालेलं नाही. माप तेच, कापडावर डाग नाही. त्याच्या आतला थर फ्लोरोच्या रबराचा असतो, अल्कोहोल त्याला फारसं शिवत नाही.

सगळे तुकडे कागदावर काढून सुकायला ठेवले.

६ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी बघितलं. सुकलेली ओ-रिंग मूळ मापापेक्षाही बारीक झालीय, वाकवली तर बाहेरच्या बाजूने केसाएवढ्या चिरा. रबर मऊ राहावं म्हणून त्यात जे तेल घातलेलं असतं ते इथेनॉल आणि पेट्रोलने मिळून बाहेर ओढलं. भिजलेली असताना फुगून का होईना ती गळू देत नव्हती. सुकल्यावर निकामी.

म्हणजे रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी जास्त धोक्यात. टाकी रिकामी होते, पाइप कोरडा पडतो, आणि गणपतीला येऊन सेल मारला की पहिल्या पाच मिनिटांत पेट्रोलचा वास.

१२ ऑक्टोबर, रविवार

कार्बोरेटरच्या गाड्या. इथे सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. जेट म्हणजे पेट्रोलची बारीक तोटी, तिच्या भोकातून जेवढं येतं तेवढंच येतं. ई२० वर गाडी लीन चालणार, आणि ती दुरुस्त करायची तर हातानेच. नंदगडच्या एका जुन्या स्प्लेंडरवर काम केलं: पायलट स्क्रू थोडा उघडला, मेन जेट एक नंबर मोठा. प्लग काढून बघितला, आधी पांढराफटक होता, आता विटकरी. सकाळी चोक जास्त वेळ लागतो ही तक्रार राहणारच, कारण इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते आणि जांबोटीकडची सकाळ थंड.

आणखी एक, हे मोटारींनाही लागू. जुन्या टाकीत वर्षानुवर्षांचा चिकटा असतो. इथेनॉल तो सोडवतं आणि फिल्टरपर्यंत आणून ठेवतं. फिल्टर तुंबला की गाडी चढावर मान टाकते, आणि दोष पेट्रोलला. जुन्या गाडीचा फिल्टर एकदा बदलून टाकायचा, दोनशे-तीनशेची गोष्ट.

हे सगळं आता-आता अंगावर आलंय असं बोललं जातं, म्हणून पोरग्याला जुनी गोष्ट सांगितली. २००१ मध्ये देशात इथेनॉल मिसळायचे पहिले प्रयोग ज्या तीन ठिकाणी झाले त्यांत मनमाड होतं, उत्तर प्रदेशातलं आंवला होतं, आणि आपलं मिरज. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के. पुढची पंधरा वर्षं रडतखडत गेली आणि मग शेवटच्या चार-पाच वर्षांत एकदम दहा, वीस. ई२० ची सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूरलाच झाली. लक्ष्य २०३० चं होतं, ते अलीकडे ओढलं. गाड्यांचे भाग बदलायच्या आधी पेट्रोल बदललं, तक्रार असलीच तर ती इथे आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीला आलेल्या गाड्या. हलशीच्या एका घरची ओम्नी, पत्र्याची टाकी. मुलगा मुंबईत, गाडी वर्षातले दहा महिने गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली. टाकीत पाव हिस्सा पेट्रोल. तळाचं बूच काढलं तर आधी कपभर गढूळ पाणी, मग गंजाचं लाल पेट्रोल.

इथेनॉल पाणी धरतं हे खरं. पण त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. ई१० साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकतं, ई२० त्याहून जास्त. त्या मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं आणि वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल राहतं. दमट हवेतून एवढं पाणी यायला फार वेळ लागतो. कपभर पाणी झिजलेल्या झाकणातून येतं, आमच्याकडचा पाऊस म्हटल्यावर ते होणारच. झाकणाचं रबर वीस-तीस रुपयांचं.

उभ्या गाडीसाठी फलकावर हे जाईल: टाकी शक्य तितकी भरून ठेवा, आत हवा कमी राहील. झाकणाचं रबर बदला. घरातल्या कुणालातरी महिन्यातून एकदा गाडी गावाबाहेर नेऊन आणायला सांगा, अंगणात सुरू करून बंद करणं उपयोगाचं नाही. आणि महाग, इथेनॉल नसलेलं पेट्रोल कुठे परवडत असेल तर ते इथेच: लांब ठेवायच्या आधीची शेवटची टाकी. वाटेवर मिळत असेल तर.

१ नोव्हेंबर, शनिवार

काळा दिन, सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा. गॅरेज बंद, फेरीला गेलो.

८ नोव्हेंबर, शनिवार

आठवडाभर जिल्हा ऊसदरावरून पेटला होता. गुर्लापूर क्रॉसला शेतकरी रस्त्यावर, ऊस फडात. ३५०० ची मागणी होती, काल टनाला ३३०० वर तोडगा निघाला. सुटे भाग अडकल्याने आमचीही कामं तुंबली.

गॅरेजमध्ये बसलेल्या ऊसवाल्यांशी हिशोब घातला. एक टन उसाचा रस थेट इथेनॉलला वळवला तर सुमारे ७० लिटर निघतं. ३५ लिटरच्या टाकीत वीस टक्के म्हणजे ७ लिटर, म्हणजे बरोबर एक क्विंटल ऊस. यंदाच्या एफआरपीने (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) तो ३५५ रुपयांचा. एकजण म्हणाला, "माझाच ऊस मलाच शंभरनं विकायलेत." त्याला सांगितलं की देशात आता निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्याचं आहे, त्यात मका मोठा. मक्याच्या इथेनॉलचा सरकारी दर लिटरला ७१.८६, उसाच्या रसाच्या इथेनॉलचा ६५.६१. वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी खरेदी ७१.३२ ला पडते, असं मंत्रालयानेच जुलैअखेरचं सांगितलंय. म्हणून पंपावर भाव उतरलेला नाही.

त्यावर दुसरा: "कारखान्यातनं थेट स्पिरिट आणून घातलं तर?" नाही. पंपावर इथेनॉल १०० नावाचं इंधन मार्च २०२४ पासून काही ठिकाणी मिळतं, कर्नाटक आणि महाराष्ट्रातही, पण ते फ्लेक्स-फ्युएलच्या, म्हणजे कितीही इथेनॉल चालेल अशा बनवलेल्या गाडीसाठी. आपल्या गाडीत ते घातलं तर ट्रिम आकडा सोडून पळेल आणि गाडी धड चालणार नाही. हे फलकावर मोठ्या अक्षरात.

१६ नोव्हेंबर, रविवार

फलकाचा मजकूर पक्का केला.

एप्रिल २०२५ पासून बनलेली गाडी: साधं ई२०, काही विचार करायचा नाही, ती त्यासाठीच जुळवलेली आहे. एप्रिल २०२३ ते मार्च २०२५: भाग ई२० ला चालतात, अ‍ॅव्हरेज किंचित कमी, साधंच भरा. बनल्याचा महिना आरसीवर असतो, खरेदीची तारीख धरायची नाही. झाकणाच्या आत ई२० चा स्टिकर असेल तर वादच मिटला.

२००८ ते मार्च २०२३: आधी मॅन्युअल. काही कंपन्या पुढे होत्या, होंडाने २००९ पासूनच्या आपल्या मोटारींचे भाग ई२० ला चालतात असं सांगितलंय. बाकीच्यांनी साधं पेट्रोल भरावं आणि सर्व्हिसिंगला होज, ओ-रिंग, फिल्टर तपासून घ्यावा. मंत्रालयसुद्धा जुन्या काही गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागतील असं म्हणतं. आमची बरणी बघता उभ्या राहणाऱ्या गाडीला एवढी वाट बघू नये.

कार्बोरेटरची गाडी: पाइप, गॅसकेट, सुई बदला, जेट जुळवून घ्या, मग साधं पेट्रोल.

यावर दुपारी वादावादी झाली. एका वकिलांचं म्हणणं, जुन्या गाडीला एक्सपी १०० हेच योग्य, तुम्ही गरिबांचा सल्ला देताय. त्यांच्यासमोर आकडे मांडले. महिन्याला ५०० किलोमीटर, साधं पेट्रोल १०४ रुपये धरून अ‍ॅव्हरेज १६: सव्वातीन हजार. १६० चं धरून अ‍ॅव्हरेज १७: चार हजार सातशे. वर्षाला सतरा-अठरा हजारांचा फरक. त्यांच्या गाडीचे सगळे होज, ओ-रिंग आणि फिल्टर मजुरीसकट दोन-अडीच हजारांत होतात, आणि नंतर कुठलंही पेट्रोल भरायची मोकळीक. ९५ चं तर नावच नको, त्यात इथेनॉल तेवढंच. इंजिन ठोके मारत असेल किंवा मॅन्युअलमध्ये ९५ मागितलं असेल तरच ते.

वकील गाडी ठेवून गेले.

३० आर ९ चा होज बेळगावहून मागवलाय, मीटरला साध्याच्या चौपट. साधा काळा पाइप काउंटरवरून काढून टाकला, कुणी मागितला तर बरणी दाखवायची. फलक रंगाऱ्याकडे गेला. पुढच्या रविवारी हलशीची ओम्नी टाकीसकट, आणि दोन स्प्लेंडर.